पाच अँपिअरचा एसी!

मी कॉन्व्हेंटवाला, तेव्हा शुद्धलेखनाकडे कृपया दुर्लक्ष करावे!

गेल्या मे महिन्यात निमोण्याला आजोळी गेलो होतो. आजोबांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यात लाईट गेली. मांडववाल्या काकांकडून २ केव्हीएचा जनरेटर आणला. मी तोंडी हिशोब केला : एक टनाचा एसी चालताना साधारण ५ अँपिअर घेतो, जनरेटर देतो ८-९. आरामात चालणार! पण कॉम्प्रेसर लागला आणि जनरेटरने मानच टाकली.

काका हसले. "भाचेबुवा, मोटार चालायला किती लागतं ते नका बघू, उठायला किती लागतं ते बघा."

स्टार्टिंग करंट पाच-सहा पट, म्हणजे क्षणभर २५-३० अँपिअर! पेपरात हेच लिहून मी मार्क घेतले होते. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्याला एवढा झटका लागत नाही. आजोबांचा एसी जुना होता.

दुसरी चूक मोठी. ऊन नको म्हणून जनरेटर मी ओसरीवर, खिडकीखाली ठेवला होता. काकांनी तो अंगणाच्या पार टोकाला न्यायला लावला. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेवटी त्याच जनरेटरवर कूलर लावला, आजोबा शांत झोपले.

आपण जर्नलमध्ये सीनियरची रीडिंग्ज उतरवतो. व्हायव्हात फार तर दोन मार्क जातात. निमोण्यात आजोबा गेले असते.

यंदाची रीडिंग्ज मी स्वतः घेणार. तुम्ही?