संगणकातलं उलटं झाड

दोस्तांनो, लिनक्स संगणकातल्या सगळ्या फाइली एका उलट्या झाडावर असतात. मूळ वर, फांद्या खाली! आता एकाच संगणकावर दहा जणांचे प्रोग्रॅम चालवायचेत, पण कुणी कुणाच्या फाइली चोरून बघायच्या नाहीत. कसं जमवाल?

१९७९ साली युनिक्समध्ये 'चेंज रूट', म्हणजे 'मूळ बदला', ही सोय आली. कर्नेल हा संगणकाचा कारभारी. तो प्रोग्रॅमला एक फांदी दाखवून सांगतो, "हेच तुझं मूळ!" पण बरं का, ही नुसती समजूत. खरं झाड मागे तसंच असतं. सगळे अधिकार हाती असलेला लबाड प्रोग्रॅम तिकडे सटकू शकतो.

म्हणून आजच्या कंटेनरमध्ये आणखी पक्की युक्ती असते. कर्नेल आधी प्रोग्रॅमला झाडाचा स्वतंत्र नकाशा देतो. ही सोय लिनक्समध्ये २००२ साली आली. मग त्या नकाशावर 'पिव्हट रूट'ने मुळांची अदलाबदल होते आणि जुनं झाड पुसलं जातं. इतरांच्या नकाशांना धक्काही लागत नाही!

मग सांगा पाहू, जुनं झाड पुसायचंच राहिलं तर काय होईल?