व्हायरल म्हणजे पुरावा नव्हे!

वस्तीच्या तोंडाशी पानटपरी आणि टपरीवर तंबाखू कंपनीची झगमगती जाहिरात. आपले तरुण मोबाईलवर शूटिंग करतात, ग्रुपवर टाकतात, पोलिसांना फॉरवर्ड करतात आणि लढाई जिंकल्यासारखे घरी जातात. कंपनीचा वकील कोर्टात एकच प्रश्न विचारतो : प्रमाणपत्र कुठे आहे?

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ५ ने ही जाहिरात बंद केली आहे, आडवाटेने केलेलीसुद्धा. पण गुन्हा सिद्ध करायचा तर पुरावा कायद्यात बसला पाहिजे. पूर्वी साक्ष कायद्याचे कलम ६५-ब होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आहे. पेन ड्राइव्हवरची प्रत द्यायची तर हॅश व्हॅल्यूसह प्रमाणपत्र लागते. त्यावर उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची सही हवी. व्हॉट्सॲपवरून फिरलेला व्हिडिओ दाबला जातो, मूळ फाईल राहत नाही.

काही साथी म्हणतात, ही अट म्हणजे गरिबाचे तोंड बंद करण्याची मनुवादी पळवाट आहे. आम्हाला हे मान्य नाही. उद्या तोडूनमोडून जोडलेली क्लिप दाखवून आपल्याच पोरांना आत टाकतील, तेव्हा हीच अट आपली ढाल असेल. आमचा सवाल अटीला नाही, तिचे ओझे कोणाच्या डोक्यावर टाकता याला आहे. झोपडपट्टीतल्या पोराने तज्ज्ञ कुठून आणायचा? तपास पोलिसांचा, तर प्रमाणपत्राची जबाबदारीही पोलिसांचीच!

जालन्याच्या निवडणूक खटल्यात (अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०२०) सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र सक्तीचे ठरवले. पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नाही, म्हणून मागणाऱ्याला हरवले नाही. कारण त्याच्याकडे मागितल्याची नोंद होती.

म्हणून मूळ फाईल डिलीट करू नका. फोन जपा. तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवा. पंचनामा आणि प्रमाणपत्र लेखी मागा, पोच घ्या.

'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द रुजवणाऱ्या बाबू हरदासांनी विडी कामगारांची संघटना बांधली होती. तंबाखूचा नफा कोणाच्या तिजोरीत जातो आणि खोकला कोणाच्या छातीत राहतो, हे आपल्याला नव्याने शिकायचे नाही. शिकायचे आहे ते कोर्टात टिकणे.

जय भीम!