भट्टी, मँगनीज आणि रोगाची वर्गवारी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळईचे पोलाद करणाऱ्या ज्या भट्ट्या रात्रंदिवस धगधगत असतात, त्यांच्या रसात टाकल्या जाणाऱ्या सिलिको-मँगनीजचा आणि मेंदूच्या ऱ्हासजन्य रोगांची वर्गवारी कशी करावी या विद्वज्जनांच्या वादाचा काही संबंध आहे, असे म्हटल्यास पुष्कळांना ते चमत्कारिक वाटेल. परंतु तो आहे. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली कंपवाताचे वर्णन केले ते रोग्याची चाल आणि थरथर पाहून. पुढे मेंदूच्या पेशींत साचलेल्या प्रथिनांवरून, म्हणजे कोठे सिन्यूक्लीन तर कोठे टाऊ, असे वर्ग पडत गेले, आणि नव्या औषधांचा बराचसा शोध त्याच वाटेने चालला आहे. मात्र ग्लासगोच्या कूपर नामक वैद्याने १८३७ मध्येच मँगनीज दळणाऱ्या मजुरांत जो विकार नोंदला, तो दिसण्यात कंपवाताचा सख्खा भाऊ असूनही प्रकृतीने निराळा आहे: रोगी चवड्यांवर चालतो, मागे कोसळतो, आणि इजा मेंदूच्या दुसऱ्याच केंद्राला झालेली असल्याने कंपवातात चांगला गुण देणारे लेव्होडोपा येथे बहुधा निष्फळ होते. खरा उपाय एकच, तो म्हणजे मँगनीजच्या धुरापासून माणसास वेळीच दूर करणे. आणि तो औषधाच्या दुकानात मिळत नाही.

म्हणून लक्षणे व प्रथिने यांबरोबर कारणालाही वर्गवारीत मानाचे स्थान हवे, असे माझे मत आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने मँगनीजची विषबाधा सूचनीय रोगांत घालून तिची खबर मुख्य कारखाना निरीक्षकास देण्याची जबाबदारी वैद्यावर टाकली, आणि १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टातही तिला स्थान मिळाले. पण केसपेपरवर ‘पार्किन्सन’ एवढेच लिहिले गेले की ही सारी तजवीज दप्तरातच राहते. त्यातून एमआरआयमध्ये दिसणारी मँगनीजची शुभ्र छटा काम सुटल्यावर काही महिन्यांत ओसरते, म्हणजे पुरावाही मुदतीचा; आणि ठेकेदाराच्या हजेरीवर राबणारा परप्रांतीय मजूर तोवर आपल्या गावी, भट्टी कधी न पाहिलेल्या वैद्यापुढे बसलेला असतो. त्या वैद्याने प्रथम नाडी पाहावी की धंदा विचारावा, असा प्रश्न मला कोणी केल्यास मी धंदाच म्हणेन, आणि भट्टीवर किती वर्षे, रसाच्या किती जवळ, धूर ओढणारा पंखा होता काय, हेही त्याच कागदावर लिहून घ्या, असे सांगेन.