केल्मस्कॉटचे घर आणि डागडुजीचे अर्थशास्त्र

थोर पुरुषाची वास्तू एखाद्या संस्थेच्या हवाली झाली की तिचे जतन झाले, असा एक सार्वत्रिक समज आहे. इंग्लंडमधील केल्मस्कॉट मॅनरचा इतिहास तो खोटा ठरवतो.

ऑक्सफर्डशायरमध्ये थेम्सकाठी असलेले हे जुने दगडी घर विल्यम मॉरिस याने १८७१ साली कवी-चित्रकार रोझेटी याच्यासह भाड्याने घेतले. कापडावरील व भिंतीच्या कागदांवरील नक्षीकामाने मॉरिस जगप्रसिद्ध झाला. त्याची १८८३ सालची 'स्ट्रॉबेरी थीफ' ही नक्षी याच बागेतील फळचोर पक्ष्यांवरून सुचलेली. १८९६ साली तो वारला; त्याची समाधीही याच गावी आहे.

प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी मॉरिसने १८७७ साली संस्था काढली. तिचा जीर्णोद्धाराला विरोध होता. जुने काढून नवे बसवण्यापेक्षा रोजची निगा राखावी, हे तिचे सूत्र. अर्थशास्त्रीय दृष्ट्याही ते खरे आहे. वेळेवर केलेली छपराची शाकारणी थोडक्यात होते. ती टाळल्यास वासे कुजतात आणि खर्च अनेक पटींनी वाढतो.

मॉरिसची कन्या मे १९३८ साली वारली. घर आहे तसेच राखावे, अशा अटींवर तिने ते ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिले होते. विद्यापीठाला त्या अटी पेलल्या नाहीत, आणि १९६२ साली घर सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या विद्वत्संस्थेकडे आले, तेव्हा त्याची दुरवस्था झाली होती. साठीच्या दशकात मोठी दुरुस्ती करावी लागली. पुढे पुन्हा व्यापक काम निघाले. राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीने त्यासाठी ४० लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली आणि २०२२ साली घर पुन्हा खुले झाले.

एका समाजवाद्याच्या ग्रामीण निवासावर लोकांचा पैसा का खर्चावा, असा आक्षेप घेता येईल. मॉरिसचे कापडही श्रीमंतांनाच परवडे. परंतु तेव्हा मोजक्यांना लाभलेले सौंदर्य आज कोणीही पाहू शकतो, हेच त्या खर्चाचे समर्थन. प्रवेशशुल्काने सारा भार पेलावा, ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. गर्दी वाढली की उत्पन्न वाढते, तशी जमिनीची झीजही वाढते.

तात्पर्य, वास्तू ही एकदाच मिळणारी देणगी असते. तिची निगा हा दरवर्षीचा खर्च असतो. दात्याने घराबरोबर देखभालीचा कायम निधीही द्यावा आणि अनुदान देणाऱ्यांनी उद्घाटनाच्या समारंभापेक्षा वार्षिक डागडुजीला अग्रक्रम द्यावा. त्यावाचून स्मारक म्हणजे लांबणीवर टाकलेले कर्जच होय.