दात काढला, हाड झिजलं. इम्प्लांटआधी ‘बोन ग्राफ्ट’ कशासाठी?

‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा जाहिराती मोबाइलवर सर्रास दिसतात. सीताबर्डीतल्या दवाखान्यात खुर्चीवर बसल्यावर मात्र अनेकांना कळतं, की आधी जबड्यात हाड भरावं लागेल आणि ४ ते ६ महिने थांबावं लागेल. ही दरवेळी बिल वाढवण्याची युक्ती नसते. दात गेला की त्याला धरून ठेवणारं हाड झिजतं, सर्वाधिक पहिल्या ६ महिन्यांत. मग टायटॅनियमचा स्क्रू रोवायला पुरेशी जागाच उरत नाही.

हे हाड रुग्णाच्या हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून घेतात, नाहीतर तयार भुकटी वापरतात. ती बरेचदा गाईच्या हाडापासून बनवलेली असते. रुग्णाला हे आधी सांगायलाच हवं; कृत्रिम पर्याय आहेत.

नागपुरात मोठा अडथळा खर्र्याचा. तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा घटतो, ग्राफ्ट नीट धरत नाही. सुपारीमुळे तर तोंडच पुरेसं उघडत नाही. शुगर वाढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो, ते वेगळंच.

२०२१मध्ये म्युकरमायकोसिसमुळे शहरातल्या अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. तिथे भुकटी पुरत नाही. गालाच्या हाडात रोवायचे लांब इम्प्लांट किंवा पायातलं फिब्युला हाड लागतं.

दात काढायचाच असेल, तर त्याच वेळी खड्ड्यात ग्राफ्ट भरता येईल का, हे विचारा. स्कॅन, ग्राफ्ट, इम्प्लांट आणि कॅप यांचा खर्च वेगवेगळा लिहून मागा.