कार्थेजची मंडळी कां लोपली?

आफ्रिका खंडाच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिस शहराच्या शेजारीं, समुद्रानजीक बिर्सा नांवाची एक टेकडी आहे. तिच्या भोंवतीं एके काळीं कार्थेज हें वैभवशाली नगर वसलें होतें. फिनिशियन व्यापाऱ्यांनीं तें स्थापिलें, रोमन लोकांनीं ख्रिस्तपूर्व १४६ मध्यें तें धुळीस मिळविलें, आणि पुढें त्याच रोमन लोकांनीं तें पुनः उभारिलें. पश्चिमेकडील ख्रिस्ती जगांत येथील बिशपांच्या शब्दास फार मोठा मान होता. आज त्या प्राचीन मंडळीचा एकहि वारस उरलेला नाहीं. असें कां झालें, हा प्रश्न केवळ इतिहासाच्या परीक्षेपुरता आहे असें मला वाटत नाहीं.

प्रथम त्या मंडळीची थोरवी पाहूं. इ. स. १८० च्या जुलै महिन्यांत स्किली नांवाच्या लहानशा गांवचे बारा स्त्रीपुरुष कार्थेज येथें रोमन अधिकाऱ्यापुढें उभे केले गेले. तुमच्या पेटींत काय आहे असें विचारल्यावर त्यांच्यापैकीं एकानें, पौलाचीं पत्रें व कांहीं पुस्तकें आहेत, असें सांगितलें. धर्म सोडण्यास नकार दिल्यामुळें त्या सर्वांस देहान्त शिक्षा झाली. ह्या चौकशीचा वृत्तांत लॅटिन भाषेंत आहे, आणि ज्यांचा काळ निश्चित सांगतां येतो अशा लॅटिन ख्रिस्ती लेखांत तोच सर्वांत जुना होय. इ. स. २०३ मध्यें पर्पेतुआ नांवाच्या बावीस वर्षांच्या मातेनें मरणापूर्वीं तुरुंगांत आपला अनुभव लिहून ठेविला, तोहि लॅटिनमध्येंच. तर्तुलियन ह्यानें धर्मशास्त्राचे कठीण विचार प्रथमच लॅटिन शब्दांत बसविले. बिशप सिप्रियन ह्यानें मंडळीच्या ऐक्यावर लेखन केलें आणि इ. स. २५८ मध्यें धर्मासाठीं आपलें मस्तक दिलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ह्या आरंभींच्या काळांत खुद्द रोमची मंडळी आपला व्यवहार बहुतांशीं ग्रीक भाषेंत करीत होती. कार्थेजनें मात्र आपल्या नगरांतील लोकांच्या तोंडीं असलेली लॅटिन जवळ केली. तिच्या तेजाचें एक मोठें कारण हेंच होय.

आतां उतरती कळा पाहूं. इ. स. २५६ मध्यें सिप्रियननें भरविलेल्या सभेस ८७ बिशप आले होते. इ. स. ४११ मध्यें कार्थेज येथें कॅथलिक व डोनाटिस्ट ह्या दोन भांडणाऱ्या पक्षांची सभा झाली, तेव्हां दोहोंकडचे मिळून साडेपांचशेंहून अधिक बिशप उपस्थित होते. पुढें ४३९ मध्यें व्हँडल लोकांनीं नगर घेतलें, ५३३ मध्यें तें बिझंटाईन सम्राटाच्या हातीं गेलें, आणि ६९८ मध्यें अरबांनीं तें कायमचें जिंकिलें. तरीहि मंडळी एका दिवसांत मेली नाहीं. १०५३ मध्यें पोप नववे लिओ ह्यांनीं, सर्व आफ्रिकेंत आतां जेमतेम पांच बिशप उरले, असें खेदानें लिहिलें. १०७६ मध्यें तर नव्या बिशपास दीक्षा देण्यास लागणारे तीन बिशपहि तेथें मिळेनात.

ह्याचा दोष बहुतेक लोक तलवारीस देतात. परंतु मिसर देश अरबांनीं कार्थेजच्याहि अर्धशतक आधीं जिंकिला होता, आणि तेथील कॉप्टिक मंडळी आजहि जिवंत आहे. दुसरे कित्येक दोष फुटीस देतात. डोनाटिस्टांचें भांडण शंभर वर्षांहून अधिक चाललें, आणि अखेर ४१२ मध्यें सरकारी हुकुमानें व दंडानें तें दडपण्यांत आलें, हें खरेंच. भावाला शिपायाच्या हातून घरांत ओढून आणल्यानें घर एक होत नाहीं. पण मिसरांतहि पंथभेदाची फूट होतीच, आणि तेथें सम्राटाचा जुलूमहि झाला होता. तेव्हां तलवार आणि फूट ह्या दोन कारणांनीं सर्व उलगडा होत नाहीं.

माझ्या मतें खरें मर्म भाषेंत आहे. ज्या मंडळीनें नगरवासीयांची बोली उचलून एवढें यश मिळविलें, तिनें तोच न्याय खेड्यांतील लोकांस लाविला नाहीं. नगराबाहेर शेतकरी प्यूनिक बोलत. डोंगरांत आणि वाळवंटाच्या कडेस बर्बर बोली चालत. ह्या भाषांत झालेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर कोठेंहि आढळत नाहीं. उपासना लॅटिन, ग्रंथ लॅटिन, वादविवाद लॅटिन. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन ह्यांस ही उणीव जाणवली होती. चाळीस मैलांवरच्या फुस्साला गांवासाठीं प्यूनिक जाणणारा बिशप त्यांस हवा होता. ठरलेला मनुष्य ऐन वेळीं मागें सरला. तेव्हां त्यांनीं अंतोनिनुस नांवाच्या एका अननुभवी तरुणास पुढें केलें, आणि त्यानें लोकांस इतकें छळिलें कीं, ऑगस्टीन ह्यांस स्वतःचें पद सोडावेंसें वाटलें. लोकभाषा जाणणारे सेवक किती दुर्मिळ होते, हें ह्यावरून दिसून येतें.

आतां मिसराकडे पाहा. तेथें शास्त्र लवकरच कॉप्टिक भाषेंत उतरलें. ग्रीक न जाणणारा अंतोनी नांवाचा खेडवळ तरुण गांवच्या मंदिरांत सुवार्ता ऐकतो, वडिलार्जित शेतजमीन देऊन टाकतो आणि संन्यस्त जीवनाचा आदर्श होतो. धर्म तेथें झोंपडींत शिरला होता. म्हणून राज्य बदललें तरी तो झोंपडींत राहिला. कार्थेजकडे लॅटिन बोलणारे पुष्कळ लोक समुद्र ओलांडून निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर मंडळीचा आधारहि गेला.

हें एकच कारण होतें असा माझा आग्रह नाहीं. परंतु पुढील इतिहासहि ह्याच मतास दुजोरा देतो. १८८४ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं कार्थेजचें आर्चबिशपपद पुनः स्थापिलें, आणि बिर्सा टेकडीवर भव्य कॅथीड्रल उभें राहिलें. पण तें सर्व फ्रेंच सत्तेच्या छायेंत वाढलें होतें. १९५६ सालीं ट्युनिशिया स्वतंत्र झाला, आणि १९६४ सालीं तें पद पुनः नाममात्र झालें. दगडी इमारत उभी राहिली, उपासक मात्र गेले.

विद्यार्थिमित्रहो, ह्या गोष्टीचा आपल्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. आपल्या देशांत फादर स्टीफन्स नांवाचे परदेशीय धर्मगुरु आले आणि १६१६ सालीं त्यांनीं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापून प्रसिद्ध केलें. १८११ सालीं मराठी नवा करार श्रीरामपुरास छापला गेला. पंडिता रमाबाईंनीं साध्यासुध्या स्त्रियांस समजावें म्हणून मूळ भाषांचा अभ्यास करून शास्त्राचें सोपें मराठी भाषांतर केलें. परक्या भाषांचें ज्ञान असूनहि ह्या मंडळींनीं लोकांच्या बोलीस कमी लेखिलें नाहीं.

ह्या वार्षिकांतील मराठी विभाग पुष्कळांस पानें भरण्यापुरता वाटत असेल. इंग्रजी अवश्य शिकावी. कार्थेजलाहि लॅटिन लाभदायकच ठरली. परंतु जी गोष्ट आपण आपल्या आजीला तिच्या भाषेंत समजावून सांगूं शकत नाहीं, ती अद्याप आपली झालेली नाहीं, असें समजावें. आपलें ज्ञान आपल्या घरीं व आपल्या गांवीं पोहोंचविण्याचें काम आपल्यावांचून दुसरें कोण करणार?