मद्य मोजले जाते, थकवा नाही

बंगळुरूत रात्रीच्या नाकाबंदीत चालकांच्या श्वासातून मद्यसेवन तपासले जाते. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार शिक्षा होते. त्याच नाक्यावरून पहाटेपासून जागा असलेला टॅक्सीचालक देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे निघून जातो. त्याला कोणी अडवत नाही.

काही माणसे स्वभावतःच अपघातप्रवण असतात, ही कल्पना शतकभर जुनी आहे. ग्रीनवुड आणि वुड्स या संशोधकांनी ब्रिटनमधील दारूगोळा कारखान्यांतील नोंदी तपासून 1919 मध्ये दाखवले की, थोड्याच कामगारांच्या वाट्याला बरेच अपघात आले होते. पुढे चालकांनाही हाच निकष लावला गेला. मात्र अपघात निव्वळ योगायोगानेही सर्वांत सारखे वाटले जात नाहीत. शिवाय यंदा ज्याला अपघात झाले, त्यालाच पुढील वर्षी होतील असे नाही. कोवळे वय, अननुभव, धाडसाची हौस यांचा वाटा नाकारता येत नाही. पण परिस्थितीचा वाटाही तितकाच खरा आहे.

ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी 1997 मध्ये दाखवून दिले की, सलग 17 तास जागरण झालेल्या व्यक्तीची कार्यक्षमता रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतकी खालावते. ही पातळी आपल्या कायदेशीर मर्यादेहून अधिक आहे. देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 जणांचा बळी गेला. त्यांतील 70 टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे 'अतिवेग' हे कारण नोंदले गेले. त्या वेगामागे किती जागरण होते, हे या नोंदीतून कळत नाही.

उपाय अज्ञात नाही. ॲपआधारित टॅक्सीसेवांसाठी केंद्राने 2020 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत चालकाला दिवसाला 12 तासांची मर्यादा आणि त्यानंतर 10 तासांची सक्तीची विश्रांती सांगितली होती. अडचण हिशेबाची आहे. दोन ॲपवर काम करणाऱ्याचे तास प्रत्येक कंपनीला आपल्यापुरतेच दिसतात. त्यांची बेरीज राज्याच्या परिवहन खात्यालाच करावी लागेल.

तेवढ्यानेही भागणार नाही. गाडीचा हप्ता आणि ठरावीक फेऱ्यांनंतरच मिळणारा बोनस चालकाला झोपू देत नाहीत. त्यांना हात न लावता तासांवर बंधन घातले, तर त्याची किंमत एकटा चालक मोजेल. अपघातप्रवण चालक शोधताना त्याला तसे घडवणारा मोबदल्याचा हिशेबही तपासला पाहिजे.